मैफलीचे ध्वनिमुद्रण : एका जॅझ मैफलीच्या निमित्ताने

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पापनाशम येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. व्याख्यानाच्या ओघात ऐकवलेले ध्वनिमुद्रणाचे तुकडे छापील पानावर आणता येत नाहीत. तेवढी उणीव वाचकांनी कल्पनेने भरून काढावी.)



सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत कीर्तन आहे, नाट्यगीते आहेत, तंजावरच्या मराठी राजांवरील व्याख्यान आहे. या मांदियाळीत ‘जॅझ’ हा शब्द पाहून आपल्यापैकी काहींच्या भुवया उंचावल्या असतील. तंजावर जिल्ह्यातले हे पापनाशम, आपण सारे मराठी माणसे, आणि विषय अमेरिकेतल्या एका पियानोवादकाची मैफल! मी केंद्र सरकारच्या सेवेतला, बी. ए. पर्यंत शिकलेला मनुष्य आहे. संगीतशास्त्राचा अधिकार मजपाशी नाही. तथापि बदल्यांच्या आयुष्यात गावोगाव जे थोडेफार ऐकले, त्यातून एक विचार मनात रुजला आहे. तो या मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांशी निगडित आहे, म्हणून तो आपणांपुढे ठेवण्याचे धाडस करीत आहे.

ज्या मैफलीविषयी मी बोलणार आहे ती फेब्रुवारी १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झाली. वादक चार होते. पियानोवर डेव्ह ब्रूबेक, आल्टो सॅक्सोफोनवर पॉल डेस्मंड, डबल बास या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्यावर यूजीन राइट आणि ड्रम्सवर जो मोरेलो. त्या दिवसांत न्यूयॉर्कमध्ये वृत्तपत्रांचा संप चालू होता. ८ डिसेंबर १९६२ रोजी सुरू झालेला हा संप ३१ मार्च १९६३ पर्यंत, म्हणजे ११४ दिवस चालला. वर्तमानपत्रे नाहीत म्हणजे जाहिरात नाही. जाहिरात नाही म्हणजे श्रोते येतील की नाही याची धास्ती. प्रत्यक्षात सभागृह भरून गेले. कोलंबिया कंपनीने ती संपूर्ण मैफल ध्वनिमुद्रित केली आणि त्याच वर्षी दोन तबकड्यांच्या संचात प्रसिद्ध केली. आज साठाहून अधिक वर्षांनंतरही ती ऐकली जाते.

जॅझ ही मूळची अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची कला. तिची मांडणी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. आधी एक रचना सर्वांनी मिळून वाजवायची. मग एकेकाने त्या रचनेचा सांगाडा मनात धरून आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचे. शेवटी पुन्हा सर्वांनी मूळ रचनेवर यायचे. हा सांगाडा ठराविक मात्रांचा असतो आणि तो आवर्तनासारखा पुन्हा पुन्हा येत राहतो. ब्लूज या प्रकाराचे आवर्तन बहुधा चार मात्रांच्या बारा खंडांचे, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे असते. वादक कितीही दूर गेला तरी आवर्तनाचा हिशोब कोणी सोडीत नाही. आपल्या बंदिशीतला मुखडा पकडून समेवर येणारा गवई, किंवा येथील कचेरीत पल्लवीची ओळ घेऊन निरवल आणि कल्पनास्वर करणारा विद्वान, याच जातीचे काम करीत असतो. स्वरांची भाषा निराळी असते, जबाबदारी एकच.

मराठी माणसाच्या कानांना जॅझचा स्पर्श झालेलाच नाही असेही नाही. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकात अमेरिकन जॅझ वादकांचे ताफे वाजवीत असत. टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक त्यांपैकीच. त्यांच्या सहवासात गोव्याच्या वादकांची एक पिढी तयार झाली. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अँतोनियो शाव्हिएर वाझ, हे त्यांतले ठळक नाव. हेच गोमंतकीय वादक पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. १९५१ सालच्या ‘अलबेला’ची गाणी आपणा सर्वांना पाठ आहेत. संगीत सी. रामचंद्र ऊर्फ रामचंद्र नरहर चितळकर यांचे, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका भगवानदादांची. त्या गाण्यांतील ट्रंपेटची ललकारी ही जॅझचीच देणगी. पुढे १९७८ साली मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. ‘यात्रा’ हा शब्द त्या संगीताला किती सहज शोभून दिसला!

आता मूळ मैफलीकडे वळतो. ब्रूबेक यांचा जन्म १९२० चा, कॅलिफोर्नियातला. वडील गुरेढोरे राखणारे पशुपालक, आई पियानोची शिक्षिका. दुसऱ्या महायुद्धानंतर दार्यूस मियो या फ्रेंच संगीतकाराच्या हाताखाली ते शिकले. जॅझ तोवर बहुतांशी चार मात्रांत चालत असे. ही चाकोरी मोडावी असे त्यांच्या मनाने घेतले. १९५८ साली अमेरिकन सरकारच्या परराष्ट्र खात्याने हा चौघांचा संच मोठ्या दौऱ्यावर पाठविला. पोलंड, तुर्कस्तान, अफगाणिस्तान, इराण, इराक, सिंहल, पाकिस्तान आणि भारत असा तो प्रवास होता. भारतात ते दिल्ली, मुंबई, कलकत्ता, हैदराबाद, मद्रास या शहरांबरोबर राजकोटलाही गेले. मुंबईत त्यांची भेट सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याशी झाली. मद्रासेत त्यांना मृदंगविद्वान पळनी सुब्रमण्य पिळ्ळै भेटले, आणि पिळ्ळै व मोरेलो यांनी एकत्र वादन केले.

हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. पिळ्ळै हे पुदुक्कोट्टै परंपरेचे, डावखुरे, आणि लयीच्या गणितासाठी विख्यात. १९६२ साली ते निवर्तले. मोरेलो यांची दृष्टी जन्मापासून अधू. त्यांचे सारे जग कानात आणि हातांत. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, तरी लय दोघांनाही येत होती. येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुदुक्कोट्टैच्या जोडीने मृदंगाची जी दुसरी थोर परंपरा मानली जाते ती तंजावरची, आणि त्या परंपरेच्या मूळ पुरुषांत नारायणस्वामी अप्पा या मराठी वादकाचे नाव आदराने घेतले जाते. ते भजनांना साथ करीत. भजनातला मृदंग मैफलीच्या मंचावर प्रतिष्ठा पावला, त्यात आपल्या एका पूर्वसूरीचा हात आहे. मद्रासेत त्या दिवशी पाहुण्याला जे ऐकायला मिळाले त्या विद्येशी आपले नाते केवळ शेजाऱ्याचे नाही.

दौऱ्यावरून परतल्यावर ब्रूबेक यांनी प्रवासातील ठसे घेऊन रचना केल्या. त्यांतील एकीचे नाव ‘कलकत्ता ब्लूज’. पुढील वर्षी, १९५९ मध्ये, ‘टाइम आउट’ ही तबकडी आली आणि चार मात्रांची चाकोरी खरोखरच मोडली. कार्नेगी हॉलमध्ये वाजले ते हे सारे संचित घेऊन. तेथे ऐकू येणारे ताल आपल्या बोटांवर सहज मोजता येतात. ‘टेक फाइव्ह’ ही डेस्मंड यांची रचना पाच मात्रांची, तीन अधिक दोन अशी; येथील खंडचापु दोन अधिक तीन असा चालतो. ‘थ्री टु गेट रेडी’मध्ये तीन-तीन-चार-चार अशा चौदा मात्रा येतात, आपल्या दीपचंदीत त्याच चौदा मात्रा तीन-चार-तीन-चार अशा मांडलेल्या असतात. ‘इलेव्हन फोर’ अकरा मात्रांची. ‘ब्लू राँडो’ची चाल ब्रूबेक यांना इस्तंबूलच्या रस्त्यावरील वादकांकडून सुचली. तिच्या नऊ मात्रा तीन वेळा दोन-दोन-दोन-तीन अशा येतात आणि चौथ्या वेळी तीन-तीन-तीन अशा. टाळ वाजवण्याची सवय असलेल्या माणसाने हे एकदा हातावर मोजून पाहावे. परके संगीत म्हणून बसवलेली भीती पाच मिनिटांत निघून जाते.

या मैफलीत ‘कॅस्टिलियन ड्रम्स’ नावाची एक रचना आहे. सुमारे चौदा मिनिटांच्या या रचनेचा बहुतेक भाग मोरेलो यांच्या एकट्याच्या वादनाने व्यापलेला आहे. पाच मात्रांचा पाया; त्यावर कधी हलक्या हाताचे, कधी पूर्ण जोराचे काम. आपल्याकडील ‘तनि आवर्तन’ हाच याला जवळचा शब्द. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट वादनापलीकडची आहे. या दीर्घ वादनात सभागृहातील हजारो माणसे वादकाला जागा देत आहेत, हे आपल्याला ऐकू येते. मधली शांतता रिकामी नाही, ती धरून ठेवलेली आहे. आणि अखेरीस टाळ्यांचा लोंढा येतो तेव्हा ती शांतता कशाची होती ते कळते. श्रोता हा त्या संगीताचा पाचवा वादक आहे, आणि त्याचेही ध्वनिमुद्रण झालेले आहे.

चौघांच्या त्या मंचाला आणखी एक अर्थ होता. यूजीन राइट कृष्णवर्णीय, बाकीचे तिघे गोरे. १९६० साली अमेरिकेच्या दक्षिण भागातील महाविद्यालयांचा मोठा दौरा ठरला होता. राइट यांच्या जागी गोरा वादक आणावा असा आग्रह अनेक महाविद्यालयांनी धरला; ब्रूबेक यांनी तो साफ नाकारला, आणि दौऱ्यातील बहुतेक कार्यक्रम रद्द झाले. आर्थिक नुकसान मोठे होते. तीन वर्षांनी कार्नेगी हॉलमध्ये जे चौघे बसले ते तेच चौघे, मद्रासेत आले होते तेही तेच. ही मैफल ऐकताना राइट यांच्या बासचा स्थिर ठेका कानावर येतो तेव्हा त्यामागील निश्चयही ऐकावा.

मंडळी, येथवर मी ‘मैफल’ आणि ‘ध्वनिमुद्रण’ हे शब्द एकत्र वापरीत आलो. परंतु दीर्घकाळ त्यांची गाठ पडत नव्हती. मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. बालगंधर्वांची पदे त्या मापात बसवलेली आहेत. कर्ण्यापुढे उभे राहून, समोर एकही श्रोता नसताना त्यांनी ती गायिली. स्वर राहिला, हे आपले भाग्य. पण ज्या ‘वन्समोअर’मुळे नाटक पहाटेपर्यंत लांबे, तो वन्समोअर कोणत्याही तबकडीवर नाही. आजोबांनी सांगितले म्हणून तो आपल्याला माहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फितीवर मुद्रण होऊ लागले, १९४८ साली दीर्घ तबकडी आली, आणि मग संपूर्ण मैफल तिच्या श्वासोच्छ्वासासह जपता येणे शक्य झाले. कार्नेगी हॉलचे मुद्रण या सोयीचेच फळ आहे.

अर्थात मुद्रण झाले म्हणजे सत्य जपले गेले, असे समजण्याचे कारण नाही. ड्यूक एलिंग्टन हे दुसरे थोर पियानोवादक आणि वाद्यवृंदप्रमुख; १९६३ मध्ये तेही भारतात येऊन गेले. जुलै १९५६ मध्ये न्यूपोर्टच्या महोत्सवात त्यांच्या वाद्यवृंदाने इतिहास घडविला. पॉल गोन्साल्व्हिस या सॅक्सोफोनवादकाने एकाच दमात सत्तावीस आवर्तने वाजविली आणि श्रोते खुर्च्या सोडून नाचू लागले. मात्र वादक उभा राहिला तो कंपनीच्या ध्वनिग्राहकापुढे नव्हे, तर ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या नभोवाणीच्या ध्वनिग्राहकापुढे. कंपनीच्या फितीत त्याचा स्वर दूरचा आला. त्या मैफलीची म्हणून जी तबकडी बाजारात आली, तिच्यातील बराच भाग नंतर स्टुडिओत वाजवून घेतलेला होता आणि टाळ्या वरून जोडलेल्या होत्या. चाळीस वर्षांनी नभोवाणीच्या संग्रहात मूळ फीत सापडली, आणि १९९९ साली खरी मैफल जगापुढे आली. यातून दोन गोष्टी शिकाव्यात. खोट्या टाळ्या कितीही कुशलतेने जोडल्या तरी त्या खऱ्या प्रसंगाची जागा घेऊ शकत नाहीत. आणि कोणीतरी फीत सांभाळून ठेवली होती म्हणूनच चूक दुरुस्त होऊ शकली.

आता मी आपल्या अंगणात येतो.

तंजावरच्या मराठी राज्याचा काळ सुमारे १६७५ ते १८५५. या राजांनी संगीतासाठी काय केले हे आपणांस सांगण्याची गरज नाही. तुळजाराजांनी ‘संगीत सारामृत’ हा ग्रंथ रचला. सरफोजीराजांच्या दरबारात पाश्चात्य वाद्यांचा ताफा होता. पूर्व आणि पश्चिम यांची गाठ त्या दरबारात जॅझच्या जन्माआधीच पडली होती. सरस्वती महालात त्या काळचा कागद जपलेला आहे. आवाज मात्र जपलेला नाही. तेव्हा ते साधनच नव्हते.

त्यानंतरच्या काळाचे काय? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातून मोरगावकर बुवा तंजावरला आले. येथे ते ‘मोरकर बावा’ झाले. त्यांचे कीर्तन ऐकून तंजावरचे कृष्ण भागवतर प्रभावित झाले, आणि साकी, दिंडी, ओवी, अभंग या मराठी छंदांना घेऊन तामिळ देशातील हरिकथा नव्याने उभी राहिली. आजही येथील भागवतर तामिळ निरूपणाच्या मध्येच साकी म्हणतात. कृष्ण भागवतर १९०३ मध्ये गेले; त्याच सुमारास ध्वनिमुद्रणाचे यंत्र भारतात नुकतेच येत होते. त्यांच्या कीर्तनात श्रोते कोठे हसत, कोठे डोळे टिपत, टाळ कसा धरीत, यातले आपण काहीही ऐकू शकत नाही.

या पापनाशमलाही मोठा वारसा आहे. याच गावाच्या नावाने ओळखले गेलेले पापनाशम शिवन (१८९० ते १९७३) यांचे तरुणपण येथे गेले. मार्गळी महिन्यात पहाटे मैलापूरच्या रस्त्यांतून भजन करीत जाणारा तो वाग्गेयकार. याच तालुक्यात मेलट्टूर आहे, जेथे नृसिंहजयंतीच्या सुमारास भागवतमेळा होतो आणि गाव रात्रभर जागते. तिरुवय्यारूच्या त्यागराज आराधनेतील पंचरत्न कृती आकाशवाणी दरवर्षी घराघरांत पोहोचविते. आमच्या शेजाऱ्यांनी आपले पुष्कळसे जपले आहे. प्रश्न आपला आहे.

आपल्यापैकी तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी येथे आलेल्या घराण्यांची मराठी ही जगात दुसरीकडे कोठेही बोलली जात नाही. अनेक घरांत ती बोलता येते, परंतु देवनागरी वाचता येत नाही. आजीची आरती नातवाने तामिळ लिपीत उतरवून घेतलेली असते. कागदावर अक्षर राहील, पण त्या आरतीचा हेल, त्या मराठीतला तामिळ झोक, हे कोणत्या लिपीत लिहावयाचे? पन्नास वर्षांत या मंडळात किती गणेशोत्सव झाले, किती कीर्तने झाली, किती वृद्धांनी आठवणी सांगितल्या! अहवालांत त्यांच्या तारखा आहेत, जमाखर्च आहे. आवाज किती जणांचे आहेत, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी विचारावे.

म्हणून माझी एक नम्र सूचना आहे. सरकारी मनुष्य असल्यामुळे ती कलमवार मांडतो. पहिले : मंडळाने या वर्षापासून आपल्या प्रत्येक भजनाचे, कीर्तनाचे आणि वयोवृद्धांच्या बोलण्याचे मुद्रण करावे. आज प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये मुद्रणाची सोय आहे, तेव्हा खर्चाचे कारण उरलेले नाही. दुसरे : प्रत्येक मुद्रणाबरोबर दिनांक, स्थळ, म्हणणाऱ्याचे नाव, मूळ गाव आणि त्याची संमती यांची नोंदवहीत नोंद व्हावी. नाव नसलेला आवाज वीस वर्षांनी कोणालाच ओळखू येत नाही. तिसरे : प्रती निदान दोन ठिकाणी ठेवाव्यात, कारण फोन बदलला की त्यातील सारे नाहीसे होते. आणि चौथे, जे कार्नेगी हॉलने मला शिकविले : साफसूफ करू नये. मध्येच रडलेले मूल, पंख्याचा खडखडाट, चुकलेला टाळ, कोणीतरी मागून दिलेली ओळ, हे सर्व राहू द्यावे. ते वगळले की उरते ते गाणे. ते ठेवले की उरतो आपण.

येथील पालैवननाथर मंदिराच्या आवारात नायक राजांच्या काळातील विटांचे प्रचंड धान्यकोठार आपण पाहिले असेल. कावेरीच्या या सुपीक खोऱ्यात, जेथे भाताला तोटा नाही, तेथे कोणाला एवढे कोठार बांधावेसे का वाटले असावे? सुकाळातच साठवायचे असते, हे त्या लोकांना कळत होते. आज आपल्यात साकी म्हणणारे आहेत, ओवी म्हणणाऱ्या मावश्या-आत्या आहेत. हा सुकाळ आहे. तो किती वर्षे राहील, हे आपल्या घरातील वयांकडे पाहून आपणच ठरवावे.

 शतकमहोत्सवाला आपल्यापैकी बरेच जण नसतील. आपले आवाज तरी त्या सभागृहात असावेत, एवढी शुभेच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.